नाळेतलं रक्त साठवायचं, पण नक्की कुणासाठी?

प्रकरण असं आहे. मोठी मुलगी चार वर्षांची, वजन १४ किलो, बीटा थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, त्याचं गंभीर रूप). सहा-सात महिन्यांची असताना निदान झालं, तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोज औषध. आई-बाबा दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे कॅरियर (स्वतःला आजार नाही, पण मुलांकडे जाऊ शकतो), आणि पहिलं मूल होईपर्यंत दोघांनाही याचा पत्ता नव्हता. आता आई दुसऱ्यांदा प्रेग्नंट, तिसावा आठवडा चालू. मी रक्तपेढीत काउन्सेलर आहे, मुलगी आमच्याकडेच रक्त घ्यायला येते त्यामुळे ओळख जुनी. कुणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, बाकी विचार कसा झाला तो जसाच्या तसा लिहितेय कारण हाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात.

आईने विचारलं ते साधंच होतं. "ताई, कॉर्ड ब्लड बँकेवाले सारखे फोन करतायत, भरून टाकू का फॉर्म?" कॉर्ड ब्लड म्हणजे नाळेतलं रक्त. सोबत ब्रोशर. त्यात बाळाचा हसरा फोटो, ८० हून जास्त आजारांवर उपचार, ७५ वर्षांची साठवण, वरून कॉर्ड टिश्यू (नाळेचा तुकडा) ऑफरमध्ये, आणि मोठ्या अक्षरात की हा तुमच्या बाळाचा आयुष्यभराचा बायो-इन्शुरन्स. मी तो फॉर्म पूर्ण वाचला. बाळाला मोठं भावंड आहे का, असलं तर त्याला काही आजार आहे का, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. माझ्या मते संपूर्ण फॉर्ममध्ये विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता.

कारण नाळेतल्या आणि वारेत उरलेल्या रक्तात रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल असतात हे खरंच आहे, त्यात फसवणूक काही नाही. बोन मॅरोत (हाडातल्या मगजात) ज्या असतात त्याच जातीच्या. पहिला कॉर्ड ब्लड ट्रान्सप्लांट (पेशंटच्या बिघडलेल्या स्टेम सेलच्या जागी दात्याच्या सेल देणं) १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांच्या टीमने केला, पेशंट अमेरिकेतून आलेला पाच वर्षांचा मुलगा, आजार म्हणजे बोन मॅरो रक्त बनवेनासा होणारा जन्मजात फॅन्कोनी अ‍ॅनिमिया, आणि रक्त कुणाचं तर त्याच्या नवजात बहिणीचं. त्याचं स्वतःचं नव्हे. ती निरोगी आहे आणि त्याच्याशी मॅच होतेय हे जन्माआधीच तपासून घेतलेलं होतं. म्हणजे या सगळ्या शास्त्राची सुरुवातच भावंडापासून झाली आणि जाहिरातीत येईपर्यंत ती 'बाळाचं रक्त बाळासाठी' अशी कशी झाली हे एक कोडंच आहे (खरं तर कोडं नाही, आजारी भावंड फार थोड्या घरात असतं आणि बाळ प्रत्येक गिऱ्हाइकाकडे असतं).

ती ८० आजारांची यादी मी तिच्यासमोर बसून पेनने खोडत गेले. थॅलेसेमिया, सिकल सेल, जन्मजात इम्युनिटीचे आजार, काही मेटाबॉलिक आजार हे सगळे जीन्समधून येतात, म्हणजे बाळाला झाले तर त्याच्या नाळेतल्या रक्तातही तीच गडबड असणार, ते रक्त परत त्यालाच देऊन उपयोग शून्य. रक्ताच्या कॅन्सरमध्येही मुलाला ट्रान्सप्लांट लागलाच तर डॉक्टर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सेल मागतात, कारण कॅन्सरला कारण ठरणारे बदल कधी कधी जन्मतःच रक्तात असतात आणि परक्या सेल उरलेल्या कॅन्सरवर जो हल्ला करतात तो स्वतःच्या सेल करत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली मांडलेला अंदाज असा की स्वतःचं साठवलेलं रक्त स्वतःलाच लागण्याची शक्यता १,००० मध्ये एक ते २,००,००० मध्ये एक एवढ्या रेंजमध्ये कुठेतरी. एवढी मोठी रेंज आहे यातच काय ते आलं. त्याच संघटनेने हेही सांगितलंय की घरात आधीच असं मूल असेल ज्याला ट्रान्सप्लांटचा फायदा होऊ शकतो, तर भावंडाचं रक्त साठवायला प्रोत्साहन द्यावं. हे कुटुंब नेमकं त्या अपवादातलं.

सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझमबद्दलही ब्रोशरमध्ये दोन ओळी होत्या. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत यावर खरंच ट्रायल झाल्या, २०१७ मध्ये सेरेब्रल पाल्सीची आली, ६३ मुलं होती, सगळ्या मुलांना एकत्र धरून मुख्य निकषावर फरक दिसला नाही, जास्त डोस मिळालेल्या मुलांमध्ये थोडी सुधारणा दिसली. २०२० मध्ये ऑटिझमची, १८० मुलं, तिथेही मुख्य निकषावर फरक दिसला नाही. अभ्यास चालू राहू देत, चांगलंच आहे, पण याला उपचार म्हणून विकणं मला पटत नाही. आणि टिश्यूचं म्हणाल तर स्वतःच्या बाळाच्या साठवलेल्या कॉर्ड टिश्यूमधून रुटीनमध्ये दिला जाणारा एकही उपचार आज मला दाखवता येणार नाही, म्हणून तो भाग पहिल्याच दिवशी खोडला.

तर प्रश्न बदलला. बाळासाठी साठवायचं का, याचं उत्तर नाही असं झटकन मिळालं. मोठीसाठी साठवायचं का, यावर मात्र आम्ही बराच वेळ बसलो, बाबाही होते, आणि ट्रान्सप्लांट सेंटरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सही करायची नाही एवढं आधीच ठरवलं.

पहिला मुद्दा बाळ स्वतः मेजर आहे का. हे माहीत होतं, बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन टेस्ट झाली होती आणि बाळ मायनर निघालं होतं. बाबांना वाटत होतं की मायनर म्हणजे दाता म्हणून बाद. तसं नाहीये, मायनर भावंडाच्या सेल चालतात, ट्रान्सप्लांटनंतर मुलगी फार तर मायनरसारखी होईल आणि मायनर माणसं आयुष्यभर रक्त न चढवता जगतात, तिचे आई-बाबाच समोर बसले होते की.

दुसरा मुद्दा एचएलए मॅच (एचएलए म्हणजे सेलवरच्या ओळखीच्या खुणा, त्या जुळल्या तर शरीर दात्याच्या सेल स्वीकारतं), आणि इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो. प्रत्येक मुलाला एचएलएचा अर्धा सेट आईकडून आणि अर्धा बाबांकडून येतो, त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांत पूर्ण मॅचची शक्यता २५ टक्के, अर्ध्या मॅचची ५० आणि काहीच न जुळण्याची २५. आईला वाटलं बाळ मेजर नाही म्हणजे ते मोठीपेक्षा वेगळं, म्हणजे मॅचही होणार नाही. पण थॅलेसेमियाचा जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमवर आणि एचएलएचे ६ नंबरच्या, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. गर्भ राहण्याआधी विचारलं असतं तर मेजर नसणं तीन चतुर्थांश आणि मॅच एक चतुर्थांश, गुणाकार केला की १६ पैकी ३, म्हणजे १०० त जेमतेम १९. आता मेजर नाही हे कळलेलं असल्यामुळे सरळ चारात एक.

"चारात एकच?" असं बाबा म्हणाले आणि तोंड पाडून बसले. मी म्हटलं हो, आणि ती एक आहे की नाही हे जन्मानंतर त्याच रक्ताच्या नमुन्यावरून कळतं, त्यामुळे आज एवढंच ठरवायचंय की गोळा करायचं का, वर्षानुवर्षं ठेवायचं का हे नंतर. वारेच्या त्याच नमुन्यातून एचएलएसुद्धा बघता आलं असतं, पण तेव्हा तो विषयच निघाला नव्हता आणि आता फक्त तेवढ्यासाठी पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढायला गायनॅक तयार नव्हत्या. मलाही ते बरोबरच वाटलं, महिन्या-दोन महिन्यांनी जे बिनधोक कळणार आहे त्यासाठी आज धोका कशाला.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड आणि तो आईनेच काढला. बाळ मॅच झालं तर ते घरातच आहे ना, वर्षा-दोन वर्षांनी त्याचा बोन मॅरो घेता येईल, मग नाळेचं रक्त हवंच कशाला? या प्रश्नाला ब्रोशरमध्ये उत्तर नसतं. खरं उत्तर असं की घेता येतो. युरोपातल्या रजिस्ट्रीचा २०१३ चा मोठा अभ्यास आहे, थॅलेसेमिया आणि सिकल सेलची ४८५ मुलं, सगळ्यांना पूर्ण मॅच भावंडाकडून सेल मिळालेल्या, ३८९ जणांना बोन मॅरो आणि ९६ जणांना कॉर्ड ब्लड. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये सहा वर्षांनंतर आजाराशिवाय जगणारे मॅरोवाले ८६ टक्के आणि कॉर्डवाले ८०, म्हणजे दोन्ही बरेच जवळ. कॉर्डमध्ये नवीन रक्त तयार व्हायला वेळ जास्त लागतो पण दात्याच्या सेलनी पेशंटच्या शरीरावर उलटण्याचा त्रास कमी. डॉक्टरांनी याच्यापुढचं सांगितलं की छोट्या बाळाकडून मॅरो घ्यायचा तर पूर्ण भूल, सुया, आणि किती घ्यायचा हे बाळाच्या वजनावर ठरतं, साधारण किलोमागे १० ते २० मिली. नाळेचं रक्त मात्र बाळाला हात न लावता मिळतं, कमी पडलं तर दोन्ही एकत्र देता येतं, आणि दोन्ही असतील तर मॅरो थोडा घेऊन भागतं. थोडक्यात कॉर्ड ब्लड हे इथे जीव वाचवणारं एकमेव साधन वगैरे नव्हतं, एक चांगली भर होती. असं सरळ ऐकल्यावर आईचा चेहरा उलट मोकळा झाला, कारण डिलिव्हरीच्या वेळी काही बिनसलं आणि रक्त घेता आलं नाही तर मोठीचा चान्स गेला असं ओझं ती घेऊन फिरत होती.

आता सेलचा हिशोब. ट्रान्सप्लांटला पेशंटच्या दर किलोमागे किमान अडीच-तीन कोटी सेल धरतात, थॅलेसेमियासारख्या आजारात जास्त असतील तर बरं, या डॉक्टरांनी चार कोटींचं टार्गेट दिलं. १४ किलोला ५६ कोटी. चांगल्या कलेक्शनमध्ये एवढे मिळू शकतात. पण हीच मुलगी १० वर्षांची, ३० किलोची झाली की १२० कोटी लागणार आणि पिशवीत आहेत तेवढेच राहणार, फ्रीझरमध्ये काही वाढत नाहीत. मला हे ७५ वर्षांच्या प्लॅनचं सगळ्यात मोठं भोक वाटतं. उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये सेल टिकतात याबद्दल वाद नाही, वीस-पंचवीस वर्षं साठवलेल्या युनिटमधल्या सेल जिवंत निघाल्यात, पण पिशवी एका लहान मुलाच्या मापाची आहे आणि माणूस मोठा होतो.

मग नाळ कधी कापायची. यावर घरापेक्षा लेबर रूममध्ये जास्त चर्चा झाली. बाळ बाहेर आल्यावर लगेच नाळ न कापता थांबलं की वारेतलं रक्त बाळाकडे जातं, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा सुधारतो, जागतिक आरोग्य संघटना म्हणते किमान एक मिनिट थांबा. पण जेवढं बाळाकडे गेलं तेवढं पिशवीत कमी. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे की बँकिंगसाठी उशिरा नाळ कापण्याची पद्धत बदलू नये, अपवाद फक्त आजारी नातेवाइकासाठी ठरवून घेतलेल्या रक्ताचा. म्हणजे या केसमध्ये लवकर कापायची परवानगी कागदावर होती. कलेक्शनवाल्याचा आग्रहही तोच, लगेच क्लॅम्प करा म्हणजे भरपूर मिळेल. माझं मत मी विचारल्यावरच सांगितलं: मॅच असण्याची शक्यता चारात एक, आणि असलं तरी मॅरोची सोय आहे, मग चारातल्या तीन वेळा बाळाचं रक्त उगाच कमी करण्यात काय अर्थ. गायनॅकनी पूर्ण ६० सेकंद थांबायचं ठरवलं, आणि बाळ किंवा आई जरा जरी अडचणीत दिसली तर कलेक्शन विसरायचं हे फाइलवर लिहून ठेवलं.

साठवायचं कुठे हे मी थोडक्यात सांगते. पब्लिक बँक दान घेते, ते रक्त जगात ज्याला जुळेल त्याला जातं, स्वतःच्या मुलासाठी राखून ठेवत नाही. काही ट्रान्सप्लांट सेंटर भावंडासाठी साठवतात, यांच्या सेंटरमध्ये ती सोय नव्हती, म्हणून शेवटी खाजगी बँकच, पण अटी आपल्या. ट्रान्सप्लांट सेंटरने आधी सांगितलं की त्या बँकेचं युनिट आम्ही स्वीकारू, मान्यता वगैरे त्यांनी तपासली, त्यानंतरच पुढे गेलो. बँकेकडून लेखी मागितलं ते असं: एकूण सेल किती, सीडी३४ (त्यातल्या रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल) किती, जिवंत किती, जंतूंची टेस्ट निगेटिव्ह आहे का, हा पूर्ण रिपोर्ट मिळेल. एचएलए टेस्ट लगेच होईल. करार एका वर्षाचा. मॅच नसेल तर पुढचं काही देणं लागणार नाही. एक वर्षाचा प्लॅनच नसतो असं आधी उत्तर आलं, ट्रान्सप्लांट डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर निघाला. प्लॅन नसतो म्हणजे बऱ्याचदा कुणी मागत नाही एवढाच अर्थ असतो.

डिलिव्हरी नॉर्मल झाली, मुलगा, रडला वगैरे सगळं छान. ६० सेकंदांनंतर नाळ कापली, वार आत असतानाच नाळेच्या शिरेतून पिशवीत रक्त उतरवलं, ५८ मिली मिळालं. प्रोसेसिंगनंतर रिपोर्ट आला, ४८ कोटी सेल. १४ ने भागलं तर किलोमागे साडेतीन कोटीच्या जरा आत. टार्गेटपेक्षा कमी, अगदीच वाया नाही, मॅच निघाला असता तर सोबत थोडा मॅरो घेऊन काम झालं असतं असं डॉक्टर म्हणाले.

मॅच निघाला नाही. अर्धा जुळला. आई-बाबांचेही नमुने सोबत तपासले होते त्यामुळे शंका राहिली नाही, आईकडचा सेट दोघांना सारखा आलाय, बाबांकडचा वेगळा. फोनवर आई आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली "चारात तीन तर हेच होणार होतं ना ताई." हिशोब आधी नीट समजलेला असला की वाईट बातमी निदान धक्का म्हणून येत नाही, हे मी इतर घरांतही बघितलंय.

आणि मग खरा दुसरा निर्णय आला, जो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बँकेचा फोन: मोठीला जुळलं नाही पण बाळासाठी तर शंभर टक्के मॅच आहे ना, लाँग टर्म प्लॅनमध्ये बदलून देतो, आणि आता जीन थेरपी आलीय, भविष्यात स्वतःच्याच सेल लागणार आहेत. बाबा डळमळले. "घेतलंच आहे तर राहू दे की, फेकवत नाही."

जीन थेरपीचा (पेशंटच्या सेल काढून, त्यांच्या जीनमध्ये बदल करून त्या परत देण्याचा) मुद्दा ऐकायला दमदार आहे आणि अर्धा खरा आहे. थॅलेसेमियावर अमेरिकेत २०२२ मध्ये एका जीन थेरपीला आणि जानेवारी २०२४ मध्ये क्रिस्पर (जीन नेमक्या जागी कापून बदलणारं तंत्र) वापरणाऱ्या दुसरीला, १२ वर्षांवरच्या पेशंटसाठी, मंजुरी मिळाली. दोन्हीमध्ये पेशंटच्या स्वतःच्या सेल लागतात हे बरोबर, पण त्या उपचाराच्या वेळी पेशंटच्याच रक्तातून काढतात, इंजेक्शन देऊन सेल रक्तात आणायच्या आणि मशीनने वेगळ्या करायच्या. जन्माच्या वेळी साठवलेली पिशवी कुणी मागत नाही, त्यात तेवढ्या सेल नसतातही. शिवाय ही थेरपी लागलीच तर मोठीला लागेल, बाळ तर मायनर आहे, त्याला थॅलेसेमियाचा कुठलाच उपचार नको.

बाबांना मी एवढंच विचारलं की हे रक्त आज जमा केलेलं नसतं आणि त्यांनी आज पहिल्यांदा येऊन फक्त बाळासाठी साठवा म्हटलं असतं तर केलं असतं का. नाही म्हणाले, लगेच. मग करार पुढे वाढवला नाही. युनिट टाकून देण्याऐवजी रिसर्चला देता येतं, त्याचा वेगळा संमतीचा फॉर्म असतो, तो दोघांनी वाचून सही केला.

नातेवाइकांपैकी कुणीतरी "मग तिसरं होऊ द्या" असंही म्हणून गेलं. आयव्हीएफ करून, मेजर नसलेला आणि मॅच होणारा भ्रूण निवडून गर्भ राहू देणं शक्य आहे, २००० साली अमेरिकेत नॅश कुटुंबात असंच मूल जन्मलं आणि त्याच्या नाळेच्या रक्ताने फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या बहिणीला जीवदान मिळालं. पण तिथेही भ्रूण १६ त ३ च या हिशोबात बसतात, त्यात आयव्हीएफची स्वतःची अनिश्चितता, आणि तिसरं मूल हवंय का हा प्रश्न मोठीच्या आजाराच्या आधी त्या दोघांचा आहे. तूर्त नको असं आईने सांगितलं आणि विषय मिटला.

आता मोठीचं एचएलए दात्यांच्या रजिस्ट्रीत शोधायला दिलंय. अनोळखी पण पूर्ण मॅच दाता मिळतो का बघायचं, नाही मिळाला तर अर्ध्या मॅचच्या ट्रान्सप्लांटवर डॉक्टर बोलणार आहेत, आणि त्यात दाता म्हणून आधी बाबा-आईचा विचार होईल, बाळाचा नाही. तोपर्यंत फेरिटिन (शरीरात किती लोह साठलंय ते सांगणारा आकडा) खाली ठेवायचंय, कारण लिव्हरमध्ये लोह जितकं कमी तितका पुढचा ट्रान्सप्लांट सोपा. गेल्या वेळचा आकडा वाढलेला होता, लोह काढायच्या औषधाचा डोस वाढवलाय, पुढच्या ट्रान्सफ्युजनला परत तपासणार.